खुर्ची आणायला गेलेला जावई

सांगलीकडच्या एका गावात एक भोळा घरजावई होता. सुकुमार त्याचं नाव. भोळा हा सासरच्यांचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही. एक मात्र खरं, सांगितलेली गोष्ट सुकुमार कधी विसरत नसे. तेच सगळ्यांच्या मुळावर यायचं.

त्याचे सासरे भूपालअण्णा चौगुले यांचं फर्निचरचं दुकान होतं. सिंहाच्या तोंडाचे हात असलेले सोफे विकण्यात अण्णांचा जन्म गेला. मग त्यांच्या कानावर आलं की बंगलेवाल्यांना आता नॉर्डिक लागतं. नॉर्डिक म्हणजे युरोपच्या पार वरच्या टोकाचं, बर्फातलं. खोलीत जवळजवळ काहीच ठेवायचं नाही आणि त्याचेच जास्त पैसे घ्यायचे. अण्णांना हा धंदा फार पटला.

तिकडं ओस्लो शहरात टोरवाल्ड नावाच्या म्हातारबुवांचा खुर्च्यांचा नामांकित कारखाना होता. त्यांच्या खुर्चीची एजन्सी घ्यायची ठरली. पत्रव्यवहार झाला, म्हातारबुवा भेटायला तयार झाले. एवढ्यावरच अण्णांनी दुकानातले सगळे सिंह मोडीत काढले, नवा बोर्ड रंगवला आणि उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या. आता एजन्सी मिळाली नाही तर अण्णांना तोंड लपवायला दुकानात एक सोफासुद्धा उरला नव्हता.

बोलणी करायला निघाली अण्णांची लेक, पद्मश्री. घरात अक्कल होती ती तिलाच. पण बाईमाणसानं एकटीनं परदेशी कसं जायचं? म्हणून अण्णांनी तिच्या सोबतीला सुकुमारला दिलं. घराण्याची अब्रू अशी राखली जाते.

दोघं कोपनहेगनला उतरली. तिथून पुढची देखणी शहरं बघत आगगाडीनं जायचं होतं, कारण शौकीन माणसं तिकडं म्हणे तशीच फिरतात. पहिल्याच दिवशी ती एका संग्रहालयात गेली. तिथं नुसत्या खुर्च्या मांडलेल्या. सुकुमारचे पाय दुखत होते. त्याला एक रिकामी खुर्ची दिसली. तो बसला. घंटा वाजायला लागली आणि चार पहारेकरी धावत आले.

पद्मश्रीनं हातापाया पडून त्याला सोडवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, तिच्यावर कशाला बसलासा?"

"खुर्ची होती म्हणून."

"इथं सुंदर खुर्ची दिसली की बसायचं नसतं. लांब उभं राहायचं, मान तिरकी करायची आणि 'वा' म्हणायचं. कळलं?"

"कळलं की."

दुसऱ्या दिवशी स्टॉकहोमची गाडी धरली. डब्यातल्या खुर्च्या राखाडी लोकरीच्या, इतक्या देखण्या की बघत राहावं. सुकुमार बघत राहिला. पद्मश्रीचा खिडकीपाशी डोळा लागला आणि हा आपल्या जागेसमोर उभा. मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "वा!" शेजारच्या बाईंना वाटलं हा आपल्यालाच म्हणतोय. त्यांनी गार्डाला बोलावलं.

गार्ड आला. त्यानं भिंतीवरचं चित्र दाखवलं. चित्रात ओठांवर बोट होतं. पद्मश्री दचकून जागी झाली. तिनं नवऱ्याला दंडाला धरून खाली बसवलं आणि कानात म्हणाली, "हा शांततेचा डबा आहे. इथं बोलायचं नसतं. काहीही होऊ दे, तोंड उघडू नकासा. कळलं?"

सुकुमारनं नुसती मान हलवली. बोलायचं नव्हतं ना.

स्टॉकहोम आलं. पद्मश्रीनं वर हात घातला तर बॅग नाही. बॅगेत एजन्सीचे सगळे कागद होते. सुकुमार शांत बसून होता. प्लॅटफॉर्मवर पाय टेकल्याबरोबर त्यानं तोंड उघडलं.

"आपली बॅग एक चष्मेवाला घेऊन गेला. मागल्या स्टेशनावर."

"तुम्ही बघितलासा?"

"बघितलं की. दारापर्यंत सोडायलाही गेलो."

"मग बोलला का नाहीसा?"

"बोलायचं नव्हतं."

पद्मश्री तिथंच बाकावर बसून रडली. बिचारीनं किती सोसायचं? पण त्या देशातली माणसं सरळ. चष्मेवाल्यानं चुकून नेलेली बॅग आपल्या स्टेशनावर दिली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं ती स्टॉकहोमच्या हरवल्या सामानाच्या ऑफिसात आली. सगळे कागद जागच्या जागी.

"शिका जरा," पद्मश्री म्हणाली. "कुठं बेवारस काही दिसलं की बघत बसायचं नाही. उचलायचं आणि इथं आणून द्यायचं. कळलं?"

"कळलं की."

सकाळी कडाक्याची थंडी होती. पद्मश्री कॉफी घ्यायला एका हॉटेलात शिरली. सुकुमार बाहेरच थांबला. बघतो तर भिंतीला लागून एक बाबागाडी. आत गुबगुबीत पोर गाढ झोपलेलं. जवळ आई नाही, बाप नाही. सुकुमारचं काळीज हललं. त्यानं बाबागाडी ढकलत स्टेशन गाठलं आणि हरवल्या सामानाच्या खिडकीत पोर दिलं. वर पावतीही मागितली.

पुढं पोलीस आले, आई आली, आईचा आक्रोश आला. पद्मश्रीनं सगळ्यांसमोर हात जोडले. आपल्या नवऱ्याला डोक्याचा आजार आहे, असं तिनं शपथेवर सांगितलं. पोलिसांना ते लगेच पटलं.

"अहो, पोर बेवारस नव्हतं! आई आत कॉफी पीत होती."

"आणि लेकरू थंडीत?"

"इथली रीतच आहे तशी. झोपलेल्याला उबेत ठेवत नाहीत. घट्ट गुंडाळायचं आणि बाहेर गार हवेत ठेवायचं. झोप छान लागते, तब्येत सुधारते. आता तरी कळलं?"

"कळलं की," सुकुमार म्हणाला. या वेळी त्याला फारच नीट कळलं होतं.

शेवटी ओस्लो आलं. म्हातारबुवांच्या कारखान्यात एक पांढरी खोली होती, एका बाजूला मोठी शेकोटी होती आणि मधोमध चौथऱ्यावर एकच खुर्ची होती. तीन पाय, अर्धी पाठ. म्हातारबुवांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं घडवलेली पहिली खुर्ची. तिच्यावरून मापं घेऊन बाकीच्या जन्माला यायच्या. तिच्यावर आजवर कोणी बसलं नव्हतं. बसवतच नव्हतं. म्हातारबुवा स्वतः चाकं लावलेल्या गुबगुबीत आरामखुर्चीत बसत.

बोलणी झकास झाली. पद्मश्रीवर म्हातारबुवा खूश झाले. जेवण झालं की करारनाम्यावर सही करू म्हणाले. जेवण झालं आणि ते घोरायला लागले. त्यांची मुलगी हसून म्हणाली, उठले की सही करतील, तोवर कारखाना बघू. पद्मश्री जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "यांच्याजवळ बसा. आपलं सगळं यांच्या हातात आहे. नीट सांभाळा."

सुकुमारनं बघितलं. म्हातारबुवा झोपलेले, आणि तेही शेकोटीपुढं. इतक्या उबेत! त्याला मुलीचा राग आला. त्यानं म्हातारबुवांना गालिच्यात घट्ट गुंडाळलं, दार उघडलं, आरामखुर्ची ढकलत गच्चीवर नेली आणि बर्फात ठेवून आला.

बायका परत आल्या.

"म्हातारबुवा कुठं आहेत?"

"हळू बोल. बाहेर झोपवलंय. मघाशी हातपाय झाडायला लागले होते, म्हणून पट्ट्यानं बांधलं. आता शांत आहेत."

मुलगी किंचाळत गच्चीकडं धावली. म्हातारबुवांना आत आणलं तेव्हा ते निळे पडले होते. मुलगी डॉक्टरला फोन करायला पळाली. पद्मश्री त्यांचे तळवे चोळत होती. शेकोटीत नुसते निखारे उरले होते.

"अहो, बघत काय उभं राहिलासा? जाळ करा! हाताला लागेल ते लाकूड घाला!"

"कुठलंही?"

"कुठलंही! वाळलेलं बघा म्हणजे झालं!"

सुकुमारनं इकडंतिकडं बघितलं. खोली नॉर्डिक होती, म्हणजे खोलीत काही नव्हतंच. लाकडाची एकच वस्तू होती. पण वाळलेली होती.

जाळ काय झाला! म्हातारबुवांच्या गालांवर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, हात शेकले, सुखानं हसले. मग त्यांचं लक्ष चौथऱ्याकडं गेलं. तेवढ्यात मुलगी परत आली. तिनंही चौथऱ्याकडं बघितलं. तिनं पद्मश्रीच्या बॅगेतला करारनामा काढून घेतला आणि शेकोटीत टाकला.

पद्मश्री मटकन खाली बसली. सुकुमार तिच्या शेजारी बसला आणि हात शेकत म्हणाला, "अण्णांना कळव, खुर्ची एक नंबर आहे. इतकी वर्षं तिच्यापाशी कुणी बसलं नव्हतं. पेटवल्याबरोबर बघ, सगळे बसलेत."