सावलीच्या गल्लीतली तीन घरं

फार वर्षांपूर्वी, घोड्यांच्या पाठीवरून बातम्या यायच्या त्या काळात, एका तापलेल्या पठारावर विणकरणींचं गाव होतं. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका. ही गोष्ट घर विकत घेण्याची आहे, आणि घरं मोठी माणसं घेतात.

त्या गावातल्या बाया केसाइतक्या बारीक धाग्याची लुगडी विणत. राजाच्या राण्या ती नेसत. पण असलं काम जन्मभर केलं की डोळे अधू होतात. डोळे गेले की माग सुटतो. माग सुटला की पुढ्यातलं ताट दुसऱ्याच्या मर्जीवर. कुणाची सून वाढायची, कुणाची नाही वाढायची.

सगळ्यांत वयस्कर विणकरणीला गाव आक्का म्हणे. तांबडा धागा की तपकिरी, हे पाहायला आक्काला आता दारात उन्हात जावं लागे. तरी ती मागावर बसत होती. उठली असती तर खाल्लं काय असतं?

म्हणून गावच्या बायांनी मिळून पैसा साठवला होता. प्रत्येक लुगड्यामागे थोडा, कित्येक वर्षं. एक दिवस आक्काने सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"मडक्यातला पैसा मडक्यातच वाढत नाही," ती म्हणाली. "घर घेऊ, भाड्यानं देऊ. भाडं येत राहील, आणि जिचे डोळे जातील तिचं पोट त्यावर भरेल."

"इथं घर घेऊन भाड्यानं कोण राहणार?" एक बाई म्हणाली. "तुझा जावई?"

"त्याला फुकट दिलं तरी भाडं मागेल तो!" दुसरी म्हणाली, आणि अंगणभर हशा झाला.

पण त्या हशातूनच बेत ठरला. डोंगरांपलीकडच्या परक्या राज्यात चांदीच्या खाणी लागल्या होत्या. तिथे कामगारांचे लोंढे येत होते आणि घरं कमी पडत होती. घर तिथे घ्यायचं. जायचं कुणी? तिकडची बोली गावात एकीलाच येत होती. ती सगळ्यांत लहान विणकरीण, म्हणून तिला धाकटी म्हणत. बापाबरोबर लहानपणी तिने त्या वाटेने उन्हाळ्यात फेऱ्या केल्या होत्या.

आक्काने तिच्या कमरेला पैशाची पिशवी स्वतः बांधली. "चांगलं घर बघ, बाळ. आपण राहिलो असतो असं."

धाकटीने मान डोलावली. त्या वेळी दोघींनाही त्या सल्ल्यात काही वावगं दिसलं नाही.

भर उन्हाळ्यात धाकटी खाणीच्या शहरात पोहोचली. शहर एका टेकडीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं होतं. दलाल तिला आधी दक्षिणेच्या उतारावर घेऊन गेला. तिथली घरं लहान, दाटीची आणि महाग. खिडक्यांतून ऊन नुसतं ओतत होतं.

"छे!" धाकटी म्हणाली. "यात माणूस भाजून निघेल."

दलालाने डोकं खाजवलं. असं बोलणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. मग तो तिला टेकडीच्या पाठीमागे, उत्तरेच्या उतारावर घेऊन गेला. तिथे एक अरुंद गल्ली होती. दगडी, जाड भिंतींची घरं, पायाखाली ओलसर गारवा. बरीचशी घरं बंद होती.

धाकटी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिचा जीव निवला. तापल्या पठारावर जन्मलेल्या पोरीला सावलीपरतं सुख कुठलं?

"दुपारी ऊन आत येतं का हो?" तिने विचारलं.

"अजिबात नाही."

"आणि तिरपं ऊन? संध्याकाळचं?"

"बाई, या गल्लीत ऊन कुठल्याच वेळी येत नाही. हवं तर देवाची शपथ घेतो."

"मग इतकं स्वस्त कसं?"

"मागणी कमी आहे," दलाल म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

दक्षिणेला ज्या पैशात जेमतेम एक घर आलं असतं, त्या पैशात इथे तीन आली. धाकटीने तिन्ही घेतली. आक्काला हे कळेल तेव्हा ती काय म्हणेल, हे मनात घोळवत तिने दारांना तोरणं बांधली आणि भाडेकरूंची वाट पाहत बसली.

भाडेकरू आले. उंबऱ्यातून आत डोकावले आणि परत गेले. शेवटी एका खाणकामगाराच्या बायकोला धाकटीने हात धरून थांबवलं. "घरात काय वाईट आहे ते तरी सांगा!"

"घर चांगलं आहे गं," ती बाई म्हणाली. "पण ऊन कुठाय? माझा नवरा दिवसभर जमिनीखाली अंधारात असतो. सुटीच्या दिवशी तरी त्याच्या तोंडावर ऊन पडायला नको? आणि हिवाळ्यात ही सगळी गल्ली गोठते, ते तुला ठाऊक नाही वाटतं. तू कुठल्या गावची?"

धाकटीने गावाचं नाव सांगितलं. त्या बाईने तिच्याकडे पाहिलं, आणि ती हसली नाही. तेच धाकटीला फार लागलं.

आता तिला सगळं दिसलं. तिने परक्या देशात घर घेतलं होतं, पण निवडलं होतं आपल्या पठाराच्या हिशेबाने. गावातल्या सगळ्या बायांचे डोळे तिने या गल्लीत पुरले होते.

पानगळीच्या आधी त्या राज्यात काही दिवस ऊन अचानक तापतं. त्या दिवसांत दलाल धावत आला.

"तुझं नशीब फळफळलं! तुमच्याच मुलखातला मसाल्याचा व्यापारी आलाय. घामाने निथळतोय आणि विचारतोय, सावलीचं घर कुठे मिळेल? तू दिलेस त्याच्या दुप्पट मिळतील. फक्त एक कर. तोंड उघडू नकोस."

"पण ते खोटं नाही का होणार?"

"गप्प बसणं खोटं कधीपासून झालं? तुला मी खोटं बोललो होतो?"

धाकटीने दार उघडून ठेवलं. व्यापारी आला. पोट सुटलेला, हसरा माणूस. घरात शिरताच त्याने पागोटं काढून भिंतीला पाठ टेकली.

"अहाहा! पोरी, हा तर स्वर्ग आहे. बोल, किती घेशील?"

आकडा धाकटीच्या ओठांवर आला होता. त्या आकड्यात आक्काचं ताट होतं, सगळ्यांचीच ताटं होती. एक शब्द, आणि उद्या ती घरच्या वाटेला लागली असती. पण समोरचा माणूस भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून उभा होता. अगदी तशीच ती उभी राहिली होती.

"काका," ती म्हणाली, "हे घर घेऊ नका."

व्यापाऱ्याने एक डोळा उघडला. "का? भूत आहे?"

"ऊन नाही. इथे कुणी भाड्याने राहत नाही. हिवाळ्यात गल्ली गोठते."

"असं?" व्यापारी खो खो हसला. "विकायला बसलेली आणि मालाला नावं ठेवते! किंमत वाढवायची ही तऱ्हा मी नव्हती पाहिली. बरं, आणखी थोडे देतो."

धाकटीने कपाळावर हात मारला. ती जितकं खरं सांगे, तितका त्याचा आकडा वाढे. शेवटी तिने त्याला ओढतच दक्षिण उतारावर नेलं आणि पाणवठ्यावर भांडी घासणाऱ्या बायांसमोर उभं केलं. "यांनाच विचारा."

"ती मागची गल्ली?" बाया हसल्या. "तिथे आम्ही बकरीसुद्धा बांधत नाही. दूध आटतं तिचं!"

व्यापाऱ्याने पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं. मग तो धाकटीकडे वळला. "आणि तू काय करणार आता?"

"राहीन," ती म्हणाली. "मी घेतलंय, तर मीच राहीन. हिवाळा काय असतो ते तरी कळेल."

जाताना व्यापाऱ्याने आपल्या घोड्यावरची जाड घोंगडी तिच्या दारात ठेवली. दलालाने मात्र तिला वेडी म्हटलं, आणि तेही दोनदा.

बर्फ पडायच्या आधी बाजारात सफरचंदांचे ढीग लागले. त्या शहराखाली सगळा कातळ होता, तळघर खणायची सोय नव्हती. आणि उन्हाच्या, शेकोटीच्या उबदार घरात फळ टिकत नसे. म्हणून बागवान मिळेल त्या भावाने माल काढून टाकत. उरला तो डुकरांना. धाकटीकडे पैसे थोडेच उरले होते. तेवढ्यात जे भरपूर मिळालं ते तिने घेतलं. मागची खोली सफरचंदांनी भरली आणि ती हिवाळ्याला सामोरी गेली.

काय तो हिवाळा! बर्फाने खिडक्या अर्ध्या बुजल्या. धाकटी घोंगडीत गुरफटून लोकरीच्या शाली विणायची, त्या विकून तेल-मीठ आणायची. बोटं आखडली की तोंडाजवळ धरून फुंकायची. रोज दोन वेळा सफरचंद खायचा तिला कंटाळा आला. पण एक गोष्ट तिच्या लक्षातच आली नाही, इतकी ती तिच्या रोजच्या सवयीची झाली होती. ती गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी दिसायला हवी होती.

हिवाळा सरला. दक्षिण उतारावरची पाववाली शाल विणून घ्यायला आली. उंबऱ्यातच थबकली आणि नाक वर करून हुंगू लागली.

"कसला गं हा वास?"

"सफरचंदांचा. घ्या की एक."

"आत्ता? या दिवसांत?" पाववालीने फळ हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि चावलं. कडकन आवाज झाला. रस तिच्या हनुवटीवरून ओघळला. तो तिने हाताने पुसला. मग म्हणाली, "माझी पोरं महिनाभर ताज्या फळासाठी रडतायत. सगळ्या शहरात आज सुकलेली फोडसुद्धा मिळत नाही. आणि तू इथे बसून... अगं, तुला कळतंय का तुझ्याकडे काय आहे?"

धाकटीने मागच्या खोलीचं दार उघडलं. इतके महिने तिने त्या खोलीत फक्त आपलं जेवण पाहिलं होतं. आता तिने भिंतींकडे पाहिलं. जाड भिंती. बाहेर गोठवणारी थंडी, आत न गोठवणारा गारवा. आणि ऊन कुठल्याच वेळी नाही.

शालीचं काम तसंच टाकून ती टोपलीभर सफरचंदं घेऊन थेट बागवानांच्या चावडीवर गेली.

बागवानांचा म्होरक्या खमक्या म्हातारा होता. त्याने फळ खाल्लं, देठ थुंकला आणि धूर्तपणे डोळे बारीक केले.

"भाडं मागतेस? कशाचं? थंडी तर आमच्या राज्यात फुकट आहे."

"मग बाहेर ठेवा की, आजोबा."

"बाहेर गोठतात ना!"

"मग घरात ठेवा."

"घरात सडतात."

"बघा," धाकटी म्हणाली. "थंडी तुमचीच आहे. तिला आवरून धरायला माझ्या भिंती आहेत. त्या भिंतींचं भाडं द्या."

चावडी हसून हसून लोळली. म्हाताऱ्यालाही हसू आवरेना. "पोरगी कुठल्या मुलखातली रे ही? हिच्याशी घासाघीस करू नका, हरू आपण!"

त्या पानगळीत तिन्ही घरं छपरापर्यंत भरली. बागवानांनी माल मातीमोल विकला नाही. वसंतात काढला आणि चांगला भाव घेतला. खाणकामगारांच्या पोरांना हिवाळ्याच्या शेवटी ताजं फळ मिळू लागलं. शहराने ज्या गल्लीकडे पाठ फिरवली होती, तिथे गाड्यांची रांग लागली. दलाल तिन्ही घरं परत विकत घ्यायला आला. तिप्पट किंमत सांगितली. धाकटीने त्याला बसवलं, सफरचंद दिलं, आणि नाही म्हटलं.

आता प्रश्न एकच उरला: परक्या देशातलं भाडं डोंगर ओलांडून घरी सुखरूप न्यायचं कुणाच्या हाती? तो प्रश्न मसाल्याच्या व्यापाऱ्यानेच सोडवला. तो पुन्हा त्या शहरात आला, गल्ली बघून थक्क झाला, आणि म्हणाला, "दर वर्षी मी इथून तुमच्या गावावरून जातो. बागवानांकडून भाडं घेऊन तुझी थैली मी नेईन, मजुरी नको. सौदा मोडून मला वाचवणारं माणूस मला जन्मात एकदाच भेटलंय."

पहिलं भाडं घेऊन धाकटी त्याच्याच तांड्याबरोबर गावी परतली. वेशीवर सगळ्या बाया जमल्या. तिने थैली आक्काच्या मांडीवर ठेवली. आक्काने ती उघडून पाहिली नाही. दोन्ही हातांनी तिचं वजन तोललं.

"दर वर्षी?" तिने विचारलं.

"दर वर्षी, आक्का."

आक्का मागावर जाऊन बसली. हातातल्या लुगड्याचा पदर तिने सावकाश, बोटांनी चाचपत पुरा केला. गाठ मारली, धागा तोडला. मग ती मागावरून उठली. उपाशी राहण्याच्या भीतीशिवाय मागावरून उठलेली त्या गावातली ती पहिली म्हातारी. अंगणातल्या बायांनी फेर धरला, आणि आक्का त्यांच्या मधोमध नाचली. पावलं चुकली तरी कुणी तिला सावरलं नाही, कारण तिला कुणी सावरायची गरजच नव्हती.

त्या गावात पुढे कुणी विणकरीण ताटासाठी कुणाच्या दारात उभी राहिली नाही. आणि परक्या राज्यात नवं घर घ्यायचं ठरलं की घेणारीला आधी तिथे एक हिवाळा राहून यावं लागे, ही गावाची रीत झाली.

म्हणून लक्षात ठेवा: आपली चूक दुसऱ्याला विकू नये, तिच्यात राहून पाहावं, म्हणजे ती कुणाच्या उपयोगाची आहे ते कळतं.