आमदारांची पेढेतुला

आमदार गुंजकरांची दर वाढदिवसाला पेढेतुला व्हायची. यंदा पाहुण्या होत्या लठ्ठपणा आणि हृदयविकारावर संशोधन करणाऱ्या डॉ. केळशीकर. पारड्यात बसल्या बसल्या आमदारांनी त्यांना टोला हाणला, “बाई, तुमच्या संशोधनाला पुरावा काय? आमचं वजन म्हणजे जनतेचं प्रेम.”

बाई म्हणाल्या, “पुरावा तुमच्याच तराजूत आहे. पाच वर्षांपूर्वी ऐंशी किलो पेढे लागले, आज एकशे दहा. पेढे तुम्ही वाटून टाकाल, साहेब. जादा तीस किलो मात्र तुमच्या एकट्याच्या हृदयाला ओढावे लागतात.”

मंडप हसला. आमदारही पोट धरून हसले. पुढचा वाढदिवस त्यांनी पाहिलाच नाही.

गावात ते उत्तर आजही कौतुकानं सांगतात. बाई म्हणतात, “तेव्हा मी हशा मिळवत बसले. त्यांची नाडी बघायला हवी होती.”