उताराला सुटणारा गिअर

घाटमाथ्यावरच्या एका गावात केरबा नावाचा सुतार राहत होता. हाताला कसब होतं, स्वभाव सरळ होता. पण आपल्या मोटारसायकलला कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत. गाडी पंचवीस वर्षांची होती. तिच्या बरोबरीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. ही मात्र रोज सकाळी पहिल्या किकला चालू व्हायची. केरबा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

तिचं एक दुखणं मात्र तो कुणाला सांगत नसे. उताराला, जास्त वजन असलं की, तिचा दुसरा गिअर आपोआप सुटायचा. तालुक्याच्या दस्तगीर मिस्त्रीनं त्याला बजावलं होतं, "या जातीच्या जुन्या गाड्यांचा हा रोगच आहे. आत दात झिजतात. गिअर सुटला की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. एकदा खोलून घे."

"बघू पुढच्या महिन्यात," केरबा म्हणाला होता. असे अकरा महिने गेले. उतार आला की तो पहिल्या गिअरमध्येच गाडी उतरवायचा. मागं कुणाला बसवायचा नाही. त्याला ते अंगवळणी पडलं होतं.

एका सकाळी त्याच्या कामाच्या छपरात चार माणसं चहा पीत बसली होती. तेवढ्यात शेजारच्या शेतातला जोतिराम धावत आला.

"केरबा, गाडी दे बाबा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आज आहे. दहाच्या आत दवाखान्यात बोलावलंय आणि एस.टी. आलीच नाही."

तालुक्याला जायचं म्हणजे अख्खा घाट उतरायचा. मागं जोतिरामची आई, अनसाकाकू, बसणार. तो सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात चहा पिणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "ने बिनधास्त. केरबाची गाडी म्हणजे नव्याहून बरी."

सगळे हसले. केरबाही हसला. त्यानं खुंटीवरची किल्ली काढून जोतिरामच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "सावकाश जा."

जोतिराम आईला घ्यायला वस्तीवरच्या घरी गेला. माणसं उठून गेली. केरबानं रंधा हातात घेतला, पण फळीवर तो सरळ फिरेना. सावकाश जा म्हटलंय की, तो स्वतःशी म्हणाला. जोतिराम जपून चालवणारा आहे. गिअर काय दर वेळी सुटतो थोडाच? पण दुसऱ्या क्षणी त्याला पाचव्या वळणाची कड दिसायची. तिथं कठडा पावसात वाहून गेला होता. खाली नजर पोचणार नाही एवढी दरी होती.

अर्ध्या तासानं घाटाच्या बाजूनं ओळखीचा हॉर्न ऐकू आला. त्यानं जोतिरामला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. घाटात रेंज नव्हती.

रंधा टाकून तो धावत सुटला. डांबरी रस्ता वळणं घेत घेत खाली जायचा. गुराख्यांची पायवाट मात्र सरळ डोंगर उतरून पाचव्या वळणावर निघायची. केरबा त्या वाटेनं उड्या मारत उतरला. घसरला, करवंदीच्या जाळीत पडला, गुडघा फुटला. मधे मधे थांबून तो कान द्यायचा. इंजिनाचा आवाज ऐकू आला की जीव भांड्यात पडायचा. वळणाआड तो आवाज बंद झाला की तो पुन्हा धावत सुटायचा.

तो धापा टाकत रस्त्यावर आला तेव्हा गाडी वरच्या वळणावरून येत होती. इंजिन नुसतं गुरगुरत होतं आणि जोतिराम दोन्ही ब्रेक दाबून बसला होता. केरबा हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"डोंगराकडं घे! मातीत घाल!"

जोतिरामनं गाडी आतल्या बाजूच्या मऊ मातीत घातली. ती कलंडली, पण पडली नाही. अनसाकाकू त्याच्या पाठीला घट्ट धरून बसल्या होत्या. जोतिरामचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोनदा गिअर सुटला रे," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच चुकतंय. मलाच तुझी गाडी चालवता येत नाही."

केरबाला हे ऐकवेना. तो म्हणाला, "तुझं नाही चुकलं. तो सुटतोच. मला ठाऊक होतं. चार माणसांत सांगायची लाज वाटली."

अनसाकाकूंनी चाचपडत केरबाचा हात धरला.

"मला डोळ्यानं दिसत नाही हे मी सगळ्यांना सांगते बाबा," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पायरी आली की कुणीतरी हात देतं. तू गाडीचं लपवलंस, मग पोरानं जपायचं तरी कशापासून?"

तेवढ्यात तालुक्याला निघालेला दुधाचा टेम्पो आला. मायलेक त्यात बसून गेले. ऑपरेशन वेळेवर झालं आणि अनसाकाकूंना चांगलं दिसू लागलं. केरबानं मात्र गाडी चालू केली नाही. फुटक्या गुडघ्यानं ती ढकलत ढकलत त्यानं उरलेल्या घाटातून उतरवली आणि दस्तगीर मिस्त्रीच्या दारात उभी केली. मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलून दुसऱ्या गिअरचं चाक त्याच्या तळहातावर ठेवलं. दात झिजून गोल झाले होते.

गिअर नवा बसला. पण जोतिराम पुढं वर्षभर किल्ली मागायला आला नाही. दिसला की बोलायचा, पण बेताचंच. केरबानं ते मुकाट्यानं सोसलं.

मग एका बाजाराच्या दिवशी जोतिराम छपराच्या दाराशी येऊन उभा राहिला. "गाडी पाहिजे होती," तो म्हणाला. "आता काय दुखतंय तिचं?"

छपरात चार माणसं बसली होती. केरबा म्हणाला, "गिअर ठीक आहे. मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो, अंतर राखून चालव. आणि डावा इंडिकेटर बंद आहे, हात दाखव."

जोतिरामनं हात पुढं केला आणि किल्ली घेतली.

तात्पर्य: आपल्या वस्तूतला दोष वेळेवर सांगितला तर थोडी लाज वाटते, लपवला तर त्याची किंमत विश्वासानं आलेल्या माणसाला जिवानं मोजावी लागू शकते.