हिंगाच्या घरातील चांदी

पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोनाराच्या कुळात जन्मला होता. नगर प्रतिष्ठानच होते की भोगवर्धन, हे कथा सांगणाऱ्याला आता नीट आठवत नाही, आणि राजाचे नाव त्याने दोनदा लिहून दोनदा खोडले आहे. पण राजाचे या कथेत काही काम नाही. काम आहे ते हिंगाच्या एका व्यापाऱ्याच्या घराचे, आणि ते घर त्याला बरे आठवते.

व्यापाऱ्याचे नाव सोमिल. पुढे दुकान, मागे संसार आणि मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेली हिंगाची पोती. पाहुणे उंबऱ्यातच शिंकत. घरच्यांना मात्र तीन पिढ्यांत कसलाही वास आला नव्हता.

सोमिलाची पत्नी सुलसा ही करारी बाई होती. तिच्या अंगावर सगळे सोने. मुलाचे लग्न झाले आणि सून उत्पला घरात आली ती मात्र चांदी लेवून. पायांतले तोडे बोधिसत्त्वाने घडवलेले होते आणि त्यांच्या टोकांना मकराची दोन ऐटबाज तोंडे होती. दहा दिवसांत ती चांदी काळवंडली. उत्पलाने घासून उजळ केली, ती पुन्हा काळवंडली. त्या नगरात असे मानीत की, ज्याच्या मनात काळे त्याच्या अंगावरची चांदी काळी. महिनाभर पाहून सुलसाने सोनाराला बोलावले.

"खोट कुठे आहे ते सांगा," ती म्हणाली. "तुमच्या चांदीत, की आमच्या सुनेत?"

बोधिसत्त्वाने तोडा हातात घेतला. घासून घासून मकराचे नाक सपाट झाले होते आणि तो आता दात पडलेल्या आजोबांसारखा दिसत होता.

"चांदीत खोट नाही, शेठाणीबाई."

"मग सुनेत आहे. चार माणसांत एवढेच सांगा. तुमचे नाव उजळ राहील, आणि या घराचे पुढचे सगळे दागिने तुम्हीच घडवाल."

"आणि सूनबाई?"

"माहेरी जाईल. गाडी सांगून ठेवली आहे."

बोधिसत्त्व शिंकला. मग त्याने पोत्यांकडे पाहिले आणि पुन्हा शिंकला.

"आठ दिवस द्या," तो म्हणाला आणि त्याने एकाच चांदीची तीन जोडवी काढली. "एक सूनबाईंनी घालावे. दुसरे या घरातील सर्वांत निर्मळ मनाच्या माणसाने जवळ बाळगावे."

सुलसाने केव्हाच हात पुढे केला होता. तिसरे जोडवे सोनाराने मधल्या खोलीतल्या खुंटीला अडकवले. तिकडे तिने लक्षही दिले नाही.

सुलसाने आपले जोडवे कनवटीला खोचले. पहिले दोन दिवस ती निर्धास्त होती. तिसऱ्या दिवशी सहज काढून पाहिले तर ते मळकट दिसले. घाम असेल, असे तिने स्वतःला सांगितले. पाचव्या दिवशी ते वांग्याच्या रंगाचे झाले, तेव्हा मात्र ती जात्याशी बसून आपले मन तपासू लागली. धाकट्या जावेचे दही विरजू नये, असे एकदा तिच्या मनात आले होते. पण त्याला वीस वर्षे झाली, आणि दही विरजलेही होते. नवऱ्याचे घोरणे ऐकून काय काय वाटले होते, ते आठवून तर तिला घामच फुटला. एवढ्यावर जोडवे इतके काळे पडावे?

सातव्या दिवशी पहाटे ती कुणाला न सांगता गोठ्यामागच्या राखेच्या ढिगाकडे गेली. तिथे उत्पला उकिडवी बसून पायातले जोडवे घासत होती.

"आत्याबाई, तुम्ही?"

"राख बघायला आले होते."

"कशी आहे?"

"बरी आहे." सुलसाची मूठ घट्ट मिटलेली होती. "तुझ्या हातात काय आहे?"

"तेच, जे तुमच्या हातात आहे."

 मग सुलसाने मूठ उघडली. तिचे जोडवे सुनेच्या जोडव्याहून दोन छटा अधिक काळे होते.

"चिंच लावून पाहिली," सुलसा हळूच म्हणाली. "जात नाही."

"चिंच तांब्याला. चांदीला आधी कोमट पाण्यात भिजवलेला रिठा, मग चाळलेली राख, आणि मऊ कापड. जोर लावू नका. जोर लावून मी मकराचे नाक घालवले."

"रोज करतेस?"

"महिनाभर. पहाटे."

 सुलसाने पदर खोचला आणि ती सुनेशेजारी बसली.

आठव्या दिवशी सोमिल, शेजारीपाजारी आणि दारात जुंपलेली गाडी, असा सगळा थाट होता. दोघींनी जोडवी पुढे केली. दोन्ही लखलखत होती. सोनाराने जोडव्यांकडे पाहिले, मग दोघींच्या नखांतल्या राखेकडे पाहिले, आणि नखांविषयी चकार शब्द काढला नाही. त्याने मधल्या खोलीतून तिसरे जोडवे आणले. ते कोळशासारखे काळे होते.

"हे कुणाच्याही अंगावर नव्हते," तो म्हणाला. "मनात काळे असलेच तर या पोत्यांच्या असेल. हिंगाच्या उग्र वासाने चांदी काळी पडते, शेठजी."

"कसला वास?" सोमिलाने विचारले.

शेजारी एकमेकांकडे बघू लागले. सोमिलाला मात्र एक गोष्ट सुटेना. "मग या दोघींची जोडवी उजळ कशी?"

"ती चांगल्या हातांत होती," सोनार म्हणाला.

आता गप्प राहिले तर सारे झाकले जाणार होते. सुलसाला ते कळत होते. तिने सुनेकडे पाहिले. सून जमिनीकडे पाहत होती.

"आम्ही घासली," सुलसा म्हणाली. "दोघींनी. माझे जास्त काळे होते."

दारातली गाडी परत गेली नाही. तिच्यात हिंगाची पोती भरली आणि ती नदीकाठच्या कोठारात गेली. रिठे घालून चांदी घरीच कशी उजळावी हे सोनाराने पुढे आळीतल्या बायकांना शिकवले, आणि दागिने घासून घ्यायला येणारी त्याची निम्मी गिऱ्हाइके गेली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, इतरांच्या चीवरांवरचे डाग मोजणारा आणि आपले चीवर लपून दोनदा धुणारा जो भिक्षू आहे, तोच तेव्हाची सुलसा. त्याला मुकाट्याने आपला रिठा देणारा शेजारचा भिक्षू म्हणजे उत्पला. आज भात करपला तरी ज्याला कळले नाही तो स्वयंपाकी म्हणजे सोमिल. सोनार मी होतो." जे उघड करायचे ते उघड करून, जे झाकलेले ते ज्याचे त्याला उघडू द्यावे, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.

हिंगाने चांदी खरेच काळी पडते का, ही शंका कथा सांगणाऱ्याला पुष्कळ वर्षे होती. शेवटी उतारवयात त्याने पत्नीचे एक जोडवे हिंगाच्या डबीत ठेवून रोज झाकण उघडून पाहिले. पडते. आणि रिठ्याने, पत्नीला कळायच्या आत, उजळतेही.