गुळवेलीच्या परकराची गाठ

करवंदीच्या जाळ्यांपलीकडे ठमीची एवढीशी झोपडी होती. घरात आई आणि ती, दोघीच. आईला कसला ताप जडला होता कोण जाणे, जायचं नाव घेत नव्हता. चूल पेटायची मारामार, तिथे औषध कुठलं?

ठमी गुळवेल आणायला रानात गेली. बघते तर काय, कुणा आडदांडाने अख्खी वेल कडुनिंबावरून ओरबाडून खाली टाकलेली. "अगं बाई, लागलं का तुला?" म्हणत ठमीने आपल्या एकुलत्या एका परकराची किनार फाडली आणि वेल पुन्हा झाडाला बांधली. कांडी कापायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात पानं लुकलुकली. बदामाच्या आकाराच्या पानांचा हिरवा झगा, कानात लालचुटुक फळांचे डूल, अशी बोटाएवढी परी खाली उतरली.

"माग, काय हवं ते."

"आईचा ताप जाऊ दे."

परीने एक कांडी दिली. "ठेचून झऱ्याच्या गार पाण्यात भिजव. चोळ, गाळ आणि सकाळपर्यंत हलवू नकोस. तळाशी माझं सत्त्व बसेल. जाळ नको आणि घाई नको, एवढंच."

पण दम धरवतो का? आमच्याकडे औषध म्हणजे काढा, आणि काढा म्हणजे चूल. आई कण्हू लागली तशी ठमीने गाळलेलं पाणी चुलीवर चढवलं. झाली नुसती चिकट खळ. पोर ढसाढसा रडली.

सकाळी ती वेलीपाशी गेली. "तू दिलंस, मीच घालवलं. दुसरी कांडी मागत नाही, तुझी जखम अजून ओली आहे. पण तुझे आभार मानायचे राहिले होते."

परी हसली. "मागितलं असतंस तर देता आलं नसतं. आमच्याकडे एकदाच मागायचं असतं. न मागणाऱ्याला मात्र कितीही देता येतं." आणि तिने ठमीच्या ओंजळीत नवी कांडी ठेवली.

या वेळी ठमी मडक्याकडे पाठ करून बसली, हात शिवशिवायला नकोत म्हणून. सकाळी वरचं पाणी हलकेच ओतलं, तर तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व चमचम करत बसलेलं. तिने ते मधातून आईला चाटवलं. हळूहळू आईचं अंग निवलं, आणि एके दिवशी ती आपल्या पायांनी चालत वेलीपाशी आली.

"बाई गं," ती वेलीवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या लेकीला तू तिची आई दिलीस."

परकराच्या गाठीपाशी वेलीने नवं मूळ सोडलं होतं, पार मातीपर्यंत. पानापानांत हिरवा-सोनेरी उजेड भरला, परी खुदकन हसली आणि त्या उजेडात विरून गेली.

ठमीने गाठ तशीच राहू दिली. फाटका परकर ती अजून मिरवते.