पदराचा मान

मोटारीचे सुटे भाग आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. डॉक्टर विमलताईंच्या जुन्या मोटारीत दिव्यांचा एक स्विच होता. पुढच्या दोन्ही दिव्यांची सगळी वीज त्याच्या अंगातून जाई, आणि त्याचा त्याला भारी तोरा. विमलताई त्याला उघड्या बोटांनी कधी शिवत नसत. पदराच्या टोकात धरूनच ओढत. "देवालासुद्धा एवढ्या सोवळ्यात कुणी शिवत नाही," असं तो हॉर्नला ऐकवायचा.

एकदा हमीद मेस्त्रींनी वायरिंग उघडलं आणि कपाळाला हात लावला. वायरी करपायला आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज दिला आणि बॉनेटखाली एक रिले बसवला.

"काका, तुम्ही नुसता हुकूम सोडा. दिव्यांचा भार मी वाहतो," रिले म्हणाला.

"म्हणजे मी आता शोभेपुरता?" स्विच फणकारला.

दिवेलागणीला विमलताई गाडीत बसल्या आणि सवयीने त्यांनी पदर पुढे केला.

"ताई, बिनधास्त हात लावा," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी भीतभीत उघड्या बोटांनी स्विच धरला. आपला मान गेला, या विचाराने स्विचला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तो ओढला. रिले टक्कन वाजला आणि दिवे लख्ख लागले.

"अहो मेस्त्री, गार आहे हा! वीस वर्षांत आज पहिल्यांदा चटका बसला नाही."

स्विच हळूच रिलेला म्हणाला, "बाळा, तुझे उपकार झाले. यांचा हात इतका मऊ आहे, हे मला आज कळलं."