पाहुणीची जागा

वसईच्या वाड्यांत बैलांचे रहाट कुरकुरत फिरायचे, पाटाचं पाणी केळींच्या पायाशी खेळत जायचं, आणि शाळेची घंटा वाजली की ती तीन गावांना ऐकू जायची, तेव्हाची ही गोष्ट. घंटेचं खोटं वाटेल, पण तेव्हा हवाच तशी निवांत होती.

त्या वाड्यांत ब्रिजित नावाची एक पोर राहायची. नऊ वर्षांची, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची. बाप दर्यावर गेला तो परत आलाच नाही. आई आपोलीन पेद्रूमामांच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायची आणि त्यावर दोघींचं पोट भरायचं. ब्रिजितचा फ्रॉक एकच. शनिवारी धुवायचा, वाळेपर्यंत आईच्या लुगड्यात गुंडाळून बसायचं. पण शाळेत जाताना ती अशी उड्या मारत जायची, जणू आभाळच तिच्या मालकीचं.

शाळा सिस्टरांची. अशा तीन शाळा होत्या त्यांच्या. एक वाडीतली, एक दर्याकाठची, एक डोंगराच्या पायथ्याची. तिन्हींत सकाळची प्रार्थना एक, आणि एक रीतही एकच. दर वर्गात तरटाच्या पट्टीवर एक जागा रिकामी ठेवायची. ती पाहुणीची. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस आले की एका शाळेची मुलगी दुसऱ्या शाळेत पाहुणी जायची. प्रत्येकीच्या डब्यातला पहिला घास पाहुणीला. आणि पाहुणीनं आल्या आल्या एकच गोष्ट विचारायची, "आज कोण आलं नाही?" जी आली नसेल तिची आठवण काढून मगच धडा सुरू व्हायचा.

त्या वर्षी उपासाच्या दिवसांत आपोलीनला ताप भरला. आठ दिवस झाले, उतरेना. पेद्रूमामा दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण फुलं कुणासाठी थांबत नाहीत.

"आपोलीन, कळ्या झाडावरच फुलून जातात बघ. सोमवारपासून तू ये, नाहीतर पोरीला पाठव. नाहीच जमलं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

"सकाळच्या वेळी तिची शाळा असते, मामा," आपोलीन उशीवरूनच म्हणाली.

"कळ्याही सकाळीच असतात, बाय."

ब्रिजित उठली. अर्धी भाकरी फडक्यात बांधून मोगऱ्याच्या ताटव्यात जाऊन बसली. डोळे भरून आले होते. एवढ्यात एका पांढऱ्याशुभ्र फुलातून कुणीतरी शिंकलं.

बघते तर काय, करंगळीएवढी चिमुकली परी. पाकळ्यांचे पंख, दवाच्या थेंबांचा मुकुट, अंगावर कोवळ्या पानांचा हिरवागार झगा. पण उन्हानं पंख सुकलेले, ओठ कोरडे.

"फार भूक लागलीय गं," परी किणकिणली.

ब्रिजितनं भाकरीचा पहिला तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. पाटातलं पाणी पानावरून थेंब थेंब पाजलं. परीचे पंख पुन्हा चमचमले. चंदेरी, गुलाबी, पुन्हा चंदेरी.

"तूही उपाशीच दिसतेस. मग आधी मला का दिलंस?"

"तू पाहुणी ना. आमच्या शाळेत तसंच असतं."

परी हसली. तिनं टाळी वाजवली आणि ब्रिजितच्या ओंजळीत तीन कळ्या पडल्या. इवल्याशा, आतून दिवा लावल्यासारख्या उजळलेल्या.

"या तीन इच्छा. पण कळीचे नियम असतात हं. आपल्या अंगणात ती फुलत नाही, दुसऱ्याच्या अंगणातच फुलते. आणि ज्या अंगणात मागशील त्या अंगणाचंच मागायचं. कळी दुसरीला देता येते, पण काय माग ते सांगायचं नाही. सोमवारचा सूर्य मावळला की संपलं."

ब्रिजितचा चेहरा उतरला. "मग माझ्या आईचं काय?"

"नियम माझे नाहीत, फुलांचे आहेत," परी हळूच म्हणाली, आणि पाकळ्यांत मिसळून गेली.

दुसऱ्या दिवशी ब्रिजितनं सिस्टर रोझालियांना सांगितलं की सोमवारपासून तिला शाळेत येता येणार नाही. सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग या आठवड्याची पाहुणी तूच. दोन्ही शाळांत जाऊन ये, पोरी."

बुधवारी ती दर्याकाठच्या शाळेत गेली. वाळूत चांदीसारखे शिंपले, हवेत सुकटीचा वास. पोरींनी तिला रिकाम्या जागी बसवलं. तिनं विचारलं, "आज कोण आलं नाही?"

"लहान वर्गातल्या सात जणी," एक नाकेली पोर म्हणाली. "वादळानं आमचं छप्पर नेलं. उन्हानं डोकी तापतात, मग पोरी ओकतात. तू पण टोपी घालून यायचं होतंस, वाडीवाली."

ब्रिजितनं कळी मुठीत धरली. सगळ्यात आधी तिच्या ओठांवर आईचंच नाव आलं. पण कळी लाकडासारखी गप्प. मग तिनं वर बघितलं, पांढरं रखरखीत आभाळ, आणि म्हणाली, "यांच्या डोक्यावर सावली येऊ दे."

फुल्ल! कळी फुलली. सोनेरी झावळ्या आपोआप विणल्या जाऊ लागल्या, एकीत एक, एकीत एक, आणि बघता बघता शाळेवर गार छप्पर तयार. पोरी तोंडाचा आ करून बघत राहिल्या.

शुक्रवारी सिस्टरांबरोबर बैलगाडीतून ती डोंगराच्या शाळेत गेली. पळसाची झाडं केशरी पेटली होती, माती मात्र भेगाळलेली.

"आज कोण आलं नाही?"

"जिवली. पाण्याला गेलीय. इथली विहीर आटली, तर रोज एकीनं जायचं. आज तिची पाळी."

दुपारी जिवली आली. डोक्यावर हंडा, पायाला फोड, तरी हसरी. हंडा उतरवून तिनं पहिला पेला ब्रिजितलाच दिला. ब्रिजितनं पेला तसाच खाली ठेवला. ती उठली, विहिरीपाशी गेली आणि दुसरी कळी काठावर ठेवून म्हणाली, "या विहिरीला पाणी येऊ दे." खोल कुठेतरी गुळगुळ झालं. निळंशार पाणी वर आलं, त्यात आभाळाचा तुकडा डोलू लागला. पोरींचे पाय जमिनीवर ठरेनात.

एक कळी उरली. तिसरं अंगण ब्रिजितचं स्वतःचंच, तिथं तिला मागता येत नव्हतं. निघताना तिला कळलं की सोमवारी वाडीतल्या शाळेत जिवली पाहुणी येणार आहे.

ब्रिजितनं जिवलीला बाजूला बोलावलं. एक वाक्य सांगितलं की झालं. आई, ताप, बस्स. तिनं ओठ दाबून धरले. कळी जिवलीच्या हातावर ठेवली आणि तिला नियम तेवढे सांगितले.

"मग मी काय मागू गं?" जिवलीनं विचारलं.

"ते मला सांगता यायचं नाही," ब्रिजित म्हणाली, आणि गाडीत बसल्यावर तिनं सिस्टरांच्या मांडीत तोंड लपवलं.

सोमवार उजाडला. ब्रिजित टोपली घेऊन पेद्रूमामांच्या वाडीत गेली. शाळेची घंटा वाजली, ती कळ्या खुडत राहिली. प्रार्थना ऐकू आली, ती खुडत राहिली.

तिकडे जिवली पाहुणीच्या जागी बसली. तिनं रीतीप्रमाणे विचारलं.  मग एकीनं शेजारची रिकामी जागा दाखवली. "आमची ब्रिजित. आता ती कधीच येणार नाही. आई आजारी आहे तिची."

जिवली त्या जागेकडे बघत राहिली. डोंगरातल्या चौघा भावंडांसाठी तिला काय काय हवं होतं, तांदूळ, चपला, बाबासाठी कांबळं. पण ते या अंगणाचं नव्हतं. तिनं कळी त्या तरटावर ठेवली.

"ही जागा भरू दे," ती म्हणाली.

वाडीत ब्रिजितची टोपली कुणीतरी मागून धरली. वळून बघते तर आपोलीन. कपाळ कोरडं, डोळे स्वच्छ, केस विंचरून घट्ट बांधलेले.

"सोड ती टोपली. हे माझं काम आहे, बाय."

"आई, ताप?"

"उतरला. कुणीतरी हाताला धरून उठवल्यासारखं वाटलं मला. जा आता, पहिला तास गेला असेल."

मोगऱ्याच्या ताटव्यावर परी थरथरत उभी होती. ब्रिजितनं तिला विचारलं, "तुला ठाऊक होतं का, जिवली हेच मागेल?"

"नव्हतं," परी म्हणाली. "म्हणून तर मी थांबले होते बघायला."

तिनं पंख पसरले. आधी चंदेरी, मग गुलाबी, मग साऱ्या वाडीभर दुधासारखा लख्ख उजेड. फुलं खुडणाऱ्या बायकांनी डोळ्यांवर हात धरले. उजेड विरला तेव्हा ताटव्यावर परी नव्हती आणि बांधावर ब्रिजितही नव्हती.

"पोर कुठं गेली गं?" पेद्रूमामांनी विचारलं.

आपोलीननं कळी खुडली, टोपलीत टाकली. "जिथं तिची वाट बघतायत, तिथं," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी गुणगुणत पुढच्या झाडाकडे वळली.